रिकामा प्लग
घर सोडल्यावर राहिलेली पुस्तकं न्यायला मी परत गेले, तेव्हा नवरा कॉम्प्युटरच्या डब्यावर चापट्या मारत होता. मॉनिटर माझा होता, तो मी आधीच नेला होता. "ने खुशाल, माझं काही अडत नाही. कॉम्प्युटरवर लिनक्स सिस्टीम आहे, त्याचा स्क्रीन लॅपटॉपवर घेऊन चालवीन," असं तेव्हा तोऱ्यात म्हणाला होता. आता लॅपटॉपवर नुसता काळोख. "मुद्दाम बिघडवून गेलीस ना?" "मॉनिटर जोडलेला नसला की कॉम्प्युटर चित्र पाठवतच नाही." त्याच्याच ड्रॉवरमधला अंगठ्याएवढा, वायर नसलेला प्लग मी डब्याच्या पाठीत खुपसला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. लॅपटॉप उजळला. "यात आहे काय एवढं?" "काही नाही. समोर कुणीतरी आहे, एवढंच त्याला भासवतो." "आणि तेवढ्यावर भागतं त्याचं?" "न भागायला काय झालं?" मी पुस्तकांची पेटी उचलली. "रोज जेवायला तू समोर बसायचास. माझं भागलंच की इतकी वर्षं."