पंख्याची दोरी

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या ऊसमळ्यावरच्या जुन्या बंगल्याचं म्युझियम झालं होतं आणि तिथे पाहुण्यांनाच त्या काळातली माणसं बनवत. गाईडने दोन गोऱ्या मुलींना हॅट घालून जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि मयूराच्या लेकीच्या हातात छताला टांगलेल्या कापडी पंख्याची, तेव्हा नोकर ओढायचे ती दोरी दिली. लेक खुशीत ओढू लागली. नवरा व्हिडिओ काढत होता. मयूराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हिलाच का?" "गेम आहे, नो वरीज!" गाईड हसला. "जाऊ दे गं, सगळे बघतायत," नवरा पुटपुटला. "बघू देत की!" मयूराने दोरी हिसकावून गाईडच्या हातात कोंबली आणि लेकीला मालकाच्या खुर्चीत बसवलं. "गेमच ना? ओढ आता." गाईडचं हसू मावळलं. पंखा हलेना. लेकीने विचारलं, "आई, त्याला का नाही आवडत हा गेम?"