शनिवारी झाकण उघडायचं

दुपारी बरोबर बाराच्या ठोक्याला एन्सिओ दाताळं घेऊन अंगणात उतरला आणि इर्या बाजूला सरकली.

उणे सव्वीस अंश. तरीही अठरापैकी बारा घरची माणसं खाली उभी होती, एकमेकांपासून दोन-दोन हात लांब, आणि सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या खताच्या हिरव्या पेटीवर. एरवी या इमारतीतली इतकी माणसं एका जागी बघायची तर आगीचा बंब यावा लागला असता.

ठराव साधा होता. जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांदेखत झाकण उघडायचं. आतला ओला कचरा कुजून तापण्याऐवजी गोठलेला निघाला तर पेटी काढून टाकायची आणि पूर्वीसारखी सगळी घाण गाडीत भरून गावाबाहेर पाठवायची. ठराव मांडला होता सोसायटीच्या अध्यक्षानं, म्हणजे एन्सिओनंच. दोन वर्षं पेटीची उस्तवार करणाऱ्या इर्यानं मान डोलावली होती, कारण नाही म्हणायला तिच्याकडे मुद्दा नव्हता.

तिचा जीव त्या पेटीत अडकला होता, आणि तो काही खतापायी नव्हे. पेटी येण्याआधी इथं दाराच्या भिंगातून बघायचं, जिन्यात कोणी नाही याची खात्री करायची आणि मगच बाहेर पडायचं, अशी रीत होती. इर्याही तेच करायची. पेटी आली आणि बादली घेऊन आलेल्या माणसाला वर भुसा किती टाकायचा ते विचारणं भाग पडलं. इर्या सांगायला लागली की त्याच्या गुडघेदुखीपर्यंत जाऊन पोचायची. तिसऱ्या मजल्यावरच्या रायमोचा आवाज तिनं अकरा वर्षांनी पहिल्यांदा ऐकला तो या पेटीपाशी. पेटी गेली की पुन्हा भिंग, याचं तिला भय वाटत होतं.

गुरुवारी थर्मामीटर खुपसला तर काटा दोन अंशांवर. म्हणून आज पहाटे तिनं पाच लिटरचा निळा कॅन कढत पाण्यानं भरला आणि जिन्यात कोणी नाही हे बघून ढिगात पुरून आली. अडुसष्टाव्या वर्षी केलेली पहिली लबाडी. ढीग इतका भुसभुशीत कसा लागला याचं तिला नवल वाटलं होतं, पण पळायची घाई होती.

"गोठलंय, बघ," एन्सिओ म्हणाला. "माझ्या मिशा गोठल्यात, तिथं तुझ्या बटाट्याच्या सालांची काय कथा."

"आधी उघड तर. उगाच तोंडाची वाफ कशाला दवडतोस?"

त्यानं झाकण उचललं. वाफेचा असा लोट उठला की त्याचा चष्मा पांढराफटक झाला. तळमजल्यावरची साइमी कडेवरच्या बाळासकट दोन पावलं पुढं आली. एन्सिओनं थर्मामीटर खुपसला. काटा दहा ओलांडून गेला, वीसही ओलांडले. 

"अडतीस," एन्सिओ म्हणाला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "अडतीस."

कोणीतरी हातमोज्यांनीच टाळ्या वाजवल्या. इर्याचे डोळे भरून आले. पण एन्सिओनं चाळीस वर्षं बॉयलर सांभाळले होते, अशी ऊब कुठून येते ते त्याला कळत होतं. त्यानं दाताळं उचललं. त्याच्या दांड्यावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव होतं. आपल्या प्रत्येक वस्तूवर तो नाव घालायचा, बर्फाच्या फावड्यावर, सॉनातल्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीतल्या बादलीवरसुद्धा. दाताळं ढिगात शिरलं आणि आत कशावर तरी ठक्कन आपटलं.

झालं, इर्याच्या मनात आलं.

एन्सिओनं कॅन वर काढला. लाल होता.

इर्या बघतच राहिली. रायमो आपल्या बुटांकडे बघायला लागला. पुढच्या खेपेला दुधाची बरणी निघाली, तीही अजून कोमट. मग लोकरी झबलं घातलेली, शेकायची गरम पाण्याची रबरी पिशवी.

"ती आमची," साइमी म्हणाली. "बाळाची आहे. धुऊन घेणार होते मी."

मग निळा कॅन.

"तो माझा," इर्या म्हणाली.

जो तो भिंगातून बघून, कोणी नाही ना याची खात्री करून, एकेकटा खाली येऊन गेला होता. साइमी फिस्सकन हसली, मग रायमो हसला, आणि मग कोणालाच आवरेना. इर्याही हसत होती, पण तिला एन्सिओ दिसत होता. तो हसत नव्हता.

"ठराव तो ठराव," शेवटी तीच म्हणाली. "ही काही ढिगाची ऊब नव्हे. गोठलाच असं धर आणि ने पेटी."

हसणं थांबलं. एन्सिओनं दाताळं बर्फात रोवलं, बाही वर सारली आणि न चाचपडता थेट डाव्या कोपऱ्यात कोपरापर्यंत हात घातला. ॲल्युमिनियमचा एक जुना कॅन वर आला. त्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: एन्सिओ, घर क्रमांक एक.

त्यानं हातमोजा काढला आणि कॅनला तळवा लावून पाहिला.

"माझा गार झालाय," तो म्हणाला. "कुणाची किटली लवकर तापते?"