प्रोग्रामची जागा

प्रोग्राम बंद पडल्यावर नवव्या दिवशी कंपनीचा माणूस आत्माराम मुंबईहून आला. एसटीतून उतरला तो थेट इस्पितळाच्या रक्तदाते कक्षात. रक्तदात्यांची यादी सांभाळणाऱ्या सावित्रीने आणलेला चहा निवत ठेवून तो संगणकासमोर बसला.

"प्रोग्राम तुम्ही हलवलात?"

सावित्रीने हो म्हटलं. डिस्कचे दोन भाग होते. पहिला काठोकाठ भरलेला, एक नवं नाव घेईना. दुसरा कोराच पडून होता. म्हणून तिने पुस्तिका वाचून सगळा प्रोग्राम, नावांसकट, तिकडे नेला. एक अक्षर हरवलं नाही. उघडायला गेली, तर पडद्यावर ओळ आली: ही प्रत बेकायदा आहे. परत पहिल्या भागात नेला, तरी तीच ओळ.

चौथ्या दिवशी मिरकरवाड्याची गुणवंती बाळंतपणात अडली. रक्तगट दुर्मीळ. नऊशे नावं यंत्रात कुलूपबंद. सावित्री आठवतील त्या दात्यांच्या घरी उन्हातून फिरली. तीन दारं बंद मिळाली. शेवटी धक्क्यावर मासळी उतरवणारा दाजी सापडला, त्याचं रक्त जुळलं. गुणवंती वाचली. सावित्रीच्या पोटऱ्या अजून भरून येत होत्या.

आत्मारामने समजावलं. चोरून प्रती निघू नयेत म्हणून प्रोग्राम बसवलेल्या जागेलाच बांधलेला असतो. दुसरीकडे न्यायचा तर मुंबईहून परवानगीचं पत्र हवं. त्याला महिना लागेल.

"मी चोरी नाही केली हो," सावित्री म्हणाली. "आपल्याच घरात कपाट इकडचं तिकडे सरकवलं."

खेडला, चिपळूणला आत्मारामने हेच ऐकलं होतं. त्याने कंपनीचा सांकेतिक शब्द घालून प्रोग्राम पुन्हा पहिल्या जागी बसवला. नावं पडद्यावर आली. मग हळू आवाजात म्हणाला, की पत्र येईपर्यंत नवं नाव घालायचं झालं, तर जुनं एखादं काढावं लागेल.

दाजीचं नाव यादीत नव्हतं.

सावित्री एकेक नाव वाचत खाली गेली. कुणी मुंबईला गेलेला, पण गणपतीला येणारा. कुणी म्हातारा झालेला, पण मुलगे हाताशी असलेला. तिचं बोट कुणावरच थांबेना. मग एका नावापाशी तिने ते पुसायची कळ दाबली.

आत्मारामने वाकून पाहिलं. "ताई, हे तुमचंच नाव."

"माझं कशाला हवं?" ती दाजीचं नाव लिहायला लागली. "मी कुठे जात्ये? इथंच तर असत्ये."