कढईवरचा दिवा

गुळाच्या कापण्या कढईत लालसर व्हायला लागल्या आणि स्वयंपाकघरातला दिवा गेला.

गेला कसला, घालवला. पंखा फिरत होता, फ्रीज गुरगुरत होता, म्हणजे लाईट होती. आषाढ संपायला चारच दिवस उरलेले, म्हणून क्रांतीनं तळण आज काढलं होतं. बाहेर सकाळपासून पाऊस. साडेसहालाच घरात अंधार दाटला होता आणि त्या अंधारात समोर तापलेलं तेल. हातातला झारा तसाच धरून ती जागच्या जागी उभी राहिली.

ओट्यावरचा फोन वाजला. चौकातल्या चहाच्या गाडीवरून तिचे यजमान, विजयसिंह.

"क्रांती, गेली का गं लाईट?"

"गेली."

"बघा!" हे तिला नव्हतं, गाडीवरच्या मंडळींना होतं. "हितं बसून! हात न लावता!"

फोनमधून हशा आला. मग दिवा आला. तोवर कापण्या कोळशासारख्या झाल्या होत्या. तिनं त्या उपसून काढल्या आणि दुसऱ्या सोडल्या.

फोनवरचे हे दिवे विजयसिंहांनी हौसेनं घरभर बसवून घेतले होते. वाईट नव्हते, खोटं कशाला बोला. पायरीवर पाऊल पडलं की दारातला आपोआप लागायचा, आणि दोन्ही हातांत पिशव्या असल्या की क्रांतीला त्याचं फार बरं वाटायचं. पण बाकीचे सगळे विजयसिंहांच्या फोनात. माझ्याही फोनात घालून द्या म्हटलं, तर "तुला न्हाय जमायचं." वर भिंतीवरच्या बटणांना चिकटपट्टी. कुणी बटण बंद केलं की फोनला दिवा सापडत नाही म्हणे. तेव्हापासून गाडीवर नवं माणूस दिसलं की क्रांतीच्या ओट्यावर अंधार पडायचा.

दिवा पुन्हा गेला. फोन पुन्हा वाजला.

"गेली का?"

"आवो, तेल तापलंय."

"एक मिनिट गं. मुरगूडचं पावणं आल्यात, पिराजीराव. त्येंनी बघितलं न्हवतं."

त्या एका मिनिटात झाऱ्यावरची कापणी निसटून तेलात पडली आणि तेल मनगटावर उडालं. क्रांती कळवळली. फोन चालूच होता, आणि त्यातून कुणीतरी म्हणत होतं, "लई भारी! वैनी वरडल्या का काय?" पुन्हा हशा.

तिच्या डोक्यात तिडीक गेली.

तिनं मनगट नळाखाली धरलं. मग चाचपडत भिंतीपाशी गेली, नखानं चिकटपट्टी ओढून काढली आणि बटण बंद करून परत चालू केलं. दिवा लागला. इतकं सोपं होतं तर! चौकातून तो घालवला गेला. तिनं लावला. त्यांनी घालवला. असं तीनदा झालं. तिकडं खेळ चांगलाच रंगला असणार.

क्रांतीनं गॅस बंद केला. बटण बंद केलं. स्टुलावर चढली आणि पदरात धरून दिवा फिरवून काढला. फडताळात जुने, साधे दिवे होते, विजयसिंह टाकून द्यायला निघाले तेव्हा तिनंच ठेवून घेतलेले. त्यातला एक बसवला आणि बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. दिवेलागणीची वेळ, तिनं सवयीनं हात जोडले. मग छत्री घेतली आणि चौकाकडं निघाली.

गाडीच्या ताडपत्रीखाली पाच-सहाजण बसले होते. मधोमध विजयसिंह फोनवर अंगठा दाबत होते.

"ह्येला काय झालं? सापडंना की," ते म्हणाले.

"ह्यो घ्या," क्रांती म्हणाली आणि दिवा त्यांच्या मोकळ्या हातात ठेवला. "सापडला. आता दाखवा पावण्यास्नी."

गाडीवाल्या कृष्णातनं स्टोव्ह बारीक केला.

"आगं, हे काय?" विजयसिंह हळू आवाजात म्हणाले. "चार माणसांत शोभतं का हे?"

"चार माणसांतच घालवत हुता की," ती म्हणाली, तिच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात. मनगट पुढं केलं. त्यावर रुपयाएवढा फोड टरारला होता. "तेव्हा मी म्हटलं का शोभतं का म्हणून?"

विजयसिंहांनी फोडाकडं पाहिलं. हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसलंही. "आगं, सांगायचंस की..."

"सांगितलं. तेल तापलंय म्हटलं. तुमी एक मिनिट म्हटलासा."

पिराजीराव खाली बघत चपलेनं चिखल उकरत होते. "वैनी, आमचं बी चुकलं," ते पुटपुटले. "मग घरात आता अंधार?"

"अंधार कशाला, पावणं? लावून आलोय की मी. दारातला बी ऱ्हाऊ दे, चांगला हाय त्यो. पर माज्या कढईवरचा दिवा मी लावणार आन् मीच इझवणार." ती विजयसिंहांकडं वळली. "लईच हौस आली तर तितं येऊन लावा. झारा हातात घेऊन."

तिनं छत्री उघडली. अर्धं तळण राहिलं होतं.

ती वळणाआड गेली. मग कृष्णातनं चहाचा ग्लास विजयसिंहांपुढं केला.

"घ्या, गार हुईल."

विजयसिंहांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात दिवा. कुठला खाली ठेवायचा ते त्यांना ठरवता येईना.