बिनटरफलाचं अंडं

आजोबांनी बरणीतलं अंडं चमच्यानं अलगद वर काढलं आणि नळाखाली धरलं. दोन दिवस व्हिनेगरमध्ये बुडून त्याचं टरफल पार विरघळलं होतं. उरलासुरला पांढरा थर पाण्याबरोबर निघून गेला. नात ओट्यावर हनुवटी टेकवून बघत होती.

त्यांनी अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरलं. आतला पिवळा बलक संथ डुलताना दिसला. फुटत कसं नाही, असं नातीनं विचारलं. टरफल गेलं तरी आत एक पातळ पापुद्रा असतो, त्यानंच सगळं धरून ठेवलंय, असं आजोबांनी सांगितलं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. समजावताना कुठं थांबायचं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

कामावर निघालेला त्यांचा मुलगा, म्हणजे नातीचा बाबा, बाहीचं बटण लावत दारात थांबला. तूसुद्धा लहानपणी असं अंडं हातात धरलं होतंस का, असं नातीनं त्याला विचारलं.

लांबून पाहिलंय, तो म्हणाला. तो आजोबांच्याच वर्गात होता. सर दर वर्षी हा प्रयोग करायचे आणि एकालाच टेबलापाशी बोलवायचे. त्यासाठी सगळा वर्ग हात वर करायचा.

"मग तू नाही केलास?"

"केला ना. खांदा दुखेपर्यंत."

त्यानं हे हसतच सांगितलं. आजोबांनी नळ बंद केला.

आपल्याच पोराला पुढं केलं तर लोक नावं ठेवतील, एवढंच तेव्हा त्यांच्या डोक्यात असायचं. त्या वर आलेल्या हातावरून नजर पुढं सरकवायची आणि मागच्या बाकावरच्या कुणाला तरी उठवायचं. घरी एखादं अंडं भिजत घालायला काय हरकत होती? पण ते कधी सुचलंच नाही.

"इकडे ये," त्यांनी अंडं तळहातावर घेऊन मुलापुढं धरलं. "धर."

मुलगा जवळ आला. त्यानं अंड्याकडे नीट बघितलं.

"तिलाच द्या, बाबा. तिचं वय आहे."

हे तो अगदी मायेनं म्हणाला. नातीच्या डोक्यावर टपली मारून तो निघून गेला. बाहेरचं दार लागलं.

आजोबांचा हात तसाच पुढं राहिला होता. नातीनं त्याखाली ओंजळ धरली.

"आजोबा, सोडा ना. मी धरलंय."