डिकीतला हात

मुहीबने खिशातून लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि फियाटच्या दारावर खालून वर फिरवलं. चुंबक सगळीकडे घट्ट चिकटत होतं. म्हणजे पोचे लपवायला पत्र्यावर कुठंही पुट्टी भरलेली नव्हती. त्याचा चेहरा खुलला आणि गाडीच्या मालकिणीच्या, दौलत हानिमच्या, कपाळाला आठ्या पडल्या. हा माणूस गाडी घ्यायला आलाय की तिची नाडी बघायला, हे तिला कळेना.

सकाळपासून तिने गाडी नटवली होती. फाटक्या सीटवर स्वतः विणलेलं कव्हर घातलं होतं, उन्हाने विटलेली बाजू भिंतीकडे करवून घेतली होती. मुहीबने ते कव्हर उचललं, खालची चीर पाहिली आणि खूश होऊन मान डोलावली.

"हानिम," बाईसाहेब म्हणावं तशा अदबीने त्याने विचारलं, "रंग एकदाही दिला नाही?"

"राहूनच गेलं," ती ओशाळून म्हणाली.

"फार उपकार झाले."

समोरच्या गॅरेजच्या पायरीवर तिथला मिस्त्री, उस्ता झेनहुम, चहा पीत बसला होता. रंग द्या, रंग द्या म्हणून इतकी वर्षं तोच तिच्या मागे लागला होता. "बाशा, मागचा बंपरही वाकडा आहे," तो मुहीबला म्हणाला. "बघून घ्या, भाव अजून वाढेल."

मुहीबने खरंच बघून घेतला. मग त्याने किंमत सांगितली, ती दौलत हानिमच्या अंदाजापेक्षा बरीच वर निघाली. तिचे गुडघे आता क्लच दाबू देत नव्हते. गाडी नुसती उभी असायची, टपावर मांजरं झोपायची, आणि ते बघून तिच्या जिवाला लागायचं. गाडीने चालायला हवं होतं, आणि हा पोरगा ती चालवणार होता. चावी तिने हातात काढूनही ठेवली.

तेवढ्यात त्याने डिकी उघडली.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक हात उमटलेला होता. इवलासा, तपकिरी, पाचही बोटं पसरलेला.

"हा कुणाचा?"

"माझा."

गाडी नवी आली तेव्हा वडिलांनी दारात मेंढा कापला होता. दृष्ट लागू नये म्हणून घरादाराने त्याच्या रक्तात हात बुडवून गाडीवर ठसे उमटवले. छोट्या दौलतच्या वाट्याला बाहेर जागाच उरली नाही. तिने भोकाड पसरलं तशी वडिलांनी डिकी उघडली आणि तिला उचलून धरलं. बाहेरचे ठसे पहिल्या धुण्यातच गेले. हा आतला तेवढा राहिला.

"हा काढावा लागेल," मुहीब म्हणाला. "जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात गाडी कारखान्यातून निघाली तशी लागते. पंच गुण कापतात."

दौलत हानिमने चावी मुठीत मिटली. "हवी तर किंमत कमी कर. हात काढायचा नाही."

"अहो, ओल्या फडक्याने दोन मिनिटांत जाईल."

"म्हणून तर सांगतेय."

तो ठसा उमटवताना वडिलांचे दोन हात तिला काखांखाली धरून होते. ते आता कुठंच उरले नव्हते. हे त्या चुंबकवाल्याला कसं सांगायचं? उभा जन्म तिने शाळेत शिकवण्यात घालवला होता. काही सुचलं नाही की शाळेत जे करायची, तेच तिने केलं. उलट प्रश्न विचारला.

"तुझ्या पहिल्या गाडीवर नव्हता कुणाचा हात?"

"होता," मुहीब म्हणाला. "आईचा."

"मग?"

"दुसऱ्याच दिवशी धुतला. गाडी पांढरी होती, मित्र हसायचे."

"मग?"

मुहीबने चुंबक खिशात टाकलं. "त्याच आठवड्यात ट्रामने ठोकली."

झेनहुमला चहाचा ठसका लागला. दौलत हानिमने हसू दाबून पाहिलं, ते दबलं नाही.

"आई काय म्हणाली?"

"अजून म्हणतेच आहे."

तो पुन्हा झाकणाखाली वाकला. त्या इवल्या बोटांशेजारी त्याने आपला पंजा धरून पाहिला. "मावशी," तो म्हणाला. हानिमची मावशी कधी झाली हे त्याचं त्यालाही कळलं नाही. "इथं जवळ कोंबडीवाला आहे का?"

कोंबडा कापून झाला, मांस रखवालदाराच्या घरी गेलं. मुहीब बाही वर सारून आला. रक्तात बुडवलेला उजवा हात त्याने अंगापासून लांब धरला होता.

"कुठं उमटवू?"

"जागा भरपूर आहे. माझ्या हाताला खेटू नकोस म्हणजे झालं."

त्याने तळवा टेकवला आणि दाबून धरला. लहान तपकिरी हाताच्या शेजारी एक भलामोठा लाल हात आला.

"आता दोन्ही हातांचे गुण कापतील," झेनहुम म्हणाला.

"कापू देत."

दौलत हानिमने मूठ उघडली आणि चावी त्याच्या डाव्या हातात ठेवली. तिचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर हसू होतं. गाडी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. मुहीबने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मावशी, तुमचा हात तसाच ठेवतो. माझा तेवढा प्रदर्शनाआधी धुतला तर?"

कोपऱ्यावरून घंटा वाजवत ट्राम येत होती. दौलत हानिमने तिच्याकडे बोट दाखवलं.

"धू की," ती म्हणाली. "ती आहेच."