पाण्याची पिशवी
मोठं शहर पायीच पालथं घालायचं, असं चौघा जुन्या मित्रांनी ठरवलं. निघताना सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या एका पिशवीत भरून वकिलानं ती ग्रंथपालाच्या खांद्यावर अडकवली. “तू तसाही शेपूट. रमतगमत ये,” तो म्हणाला. दुपार झाली, तरी कुणी मागे वळून पाहिलं नव्हतं. आपण नसलो तर यांना कळेल तरी का, या शंकेनं ग्रंथपाल पुस्तकांच्या दुकानाच्या दाराआड मुद्दाम थांबला. तिघे हसतखिदळत चौकापर्यंत गेले. मग वकील थांबला, मागे वळला, गर्दीत नजर फिरवू लागला. ग्रंथपालाला भरून आलं. उगाच मित्रांची परीक्षा पाहिली म्हणून ओशाळत तो बाहेर आला. “आलो” म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून वकील ओरडला, “अरे, पिशवी कुठं राहिली? घसा सुकलाय सगळ्यांचा.” “आली, आली,” म्हणत ग्रंथपाल पिशवी सावरत धावला.